आगीसाठी राखलेलं पाणी

लग्न होऊन मी पहूरहून दोंडाईच्याला आले, ती थेट कापसाच्या एका जिनिंग-प्रेसच्या आवारातच. माझे यजमान तिथे फिटर होते आणि आगीचा सगळा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. स्वातंत्र्य नवं होतं, माझा संसारही नवा होता. आमच्या खोलीच्या दाराशी उभं राहिलं की समोर सिमेंटचा मोठा हौद दिसे. मध्ये भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले होते. हौदाशेजारी हाताने चालवायचा बंब होता.

दर शनिवारी घंटा वाजे. माणसं हातातलं काम टाकून धावत, बंबाचा दांडा खालीवर करत आणि पाइपातून पाण्याची धार प्रेसच्या पत्र्यापर्यंत जाई. मग यजमान एकटेच मागे राहत. बंबाच्या आतल्या चामड्याला तेल देत, ओला पाइप कुजू नये म्हणून उंच खांबावर टांगत, बादल्यांतली वाळू चाळून पुन्हा भरत. मला सुरुवातीला गंमत वाटे. घरचं देवघरही कुणी इतक्या निगुतीनं ठेवत नाही, असं मी एकदा म्हटलं. ते हसले नाहीत.

एका वर्षी पाऊस फारच कमी झाला. चैत्र सरता सरता गावातल्या विहिरी तळाला गेल्या. आमच्या जिनातल्या विहिरीलाही घरापुरतं जेमतेम पाणी. दुष्काळ लागल्यापासून शनिवारच्या धारेचं तोंडही यजमानांनी हौदातच वळवलं होतं, थेंब बाहेर जाऊ नये म्हणून. हौद मात्र काठोकाठ भरलेला.

जिनात कापूस निवडायला येणाऱ्या बायकांत एक वयस्कर अक्का होती. तिचा शब्द बाकीच्या बायका मानत. एका सकाळी ती दहाबारा जणींना घेऊन माझ्या दाराशी आली. सगळ्यांच्या कमरेवर रिकामे हंडे.

"बाई, हाऊ हौद भरेल शे," ती म्हणाली. "आग कवय लागी ते लागी. तिस आज लागेल शे."

आजच्या तहानेला उद्याच्या आगीचं उत्तर कसं द्यायचं? मी आमच्या पिण्याच्या पाण्यातला एक हंडा त्यांच्यात वाटला. तो कुणाकुणाला पुरणार?

दुपारी यजमान जेवायला आले तेव्हा मी विषय काढला.

"हौदातलं थोडं पाणी द्या ना त्यांना."

"नाही जमायचं."

"अहो, लेकरं तहानलेली आहेत त्यांची."

"अगं, आवारात कापसाच्या गाठींची थप्पी बघितलीस? उघडी रुई बघितलीस? ठिणगी पडली तर प्रेसमध्ये याच बायका असतात."

त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि पहिल्यांदाच शिरपूरची गोष्ट सांगितली. लग्नाआधी ते तिथल्या एका जिनात होते. तिथेही बंब होता, हौद भरलेला होता. पण वर्षभर कुणी बंबाला हात लावला नव्हता. आग लागली तेव्हा चामडं वाळून कडक झालेलं, पाइप उंदरांनी कुरतडलेला. दांडा मारून माणसं थकली, पाणी काही वर चढलं नाही. रुईच्या ढिगामागे दोघी बायका अडकल्या होत्या.

"त्यांचा आवाज ऐकला मी," एवढंच ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मला त्यांचं पटलं. अक्काचंही पटत होतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच दारात समोरासमोर उभ्या राहिल्या की बाईमाणसानं कुणाला बाजूला सारावं? दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना माझ्या मनात आलं ते मी त्यांना तसंच विचारलं.

"जळण्यासारखं काही उरलंच नाही, तर हौद भरलेला लागेल का?"

ते टोपी घालून थेट जिनाच्या मालकाकडे, शेठकडे गेले. ते कळताच अक्काही बायकांना घेऊन मागोमाग गेली. हंगाम संपत आला होता, पण चांगल्या भावाची वाट बघत शेठने गाठी आवारातच ठेवल्या होत्या. त्या हलवून आवार रिकामं करायला तो आधी साफ नाही म्हणाला.

अक्का पुढे झाली. "शेठ, गाठी पानी पेतस का? आम्ही पेतस." सकाळपासून घोटभर पाणी न मिळालेल्या बाया तुझी उरलेली रुई निवडायला येणार नाहीत, असंही तिने सुनावलं.

शेठने मिशीवरून हात फिरवला. मग तो म्हणाला, "न्या स्टेशनवर."

पुढचे काही दिवस गाड्या भरभरून गाठी रेल्वेकडे गेल्या. उरलेली रुई दाबून तिच्याही गाठी पाठवल्या. मग बायकांनी पदर खोचले, तोंडाला फडकी बांधली आणि तुळयांवर, पट्ट्यांखाली, यंत्रांच्या फटींत साचलेला रुईचा भुगा झाडून काढला. मीही त्यांच्यात होते. नाकातोंडात रुई गेली, खोकून जीव गेला. यजमान प्रत्येक तुळईवरून बोट फिरवून बघत. एका कोपऱ्याकडे त्यांनी बायकांना तीनदा परत पाठवलं, तेव्हा अक्का करवादली, "हाऊ तं सासूपेक्षा भारी शे!"

सगळं मनासारखं झालं तेव्हा त्यांनी हौदाची एक बाजू उघडून दिली. दुसरीला हात लावू दिला नाही. पाणी हिरवट होतं. आम्ही ते फडक्यातून गाळून, उकळून घ्यायला सांगितलं. हंडे भरत राहिले. कुणी ढकलाढकली केली नाही.

त्या दिवसांत यजमानांचं जेवणात लक्ष नसे. रिकाम्या आवारात हिंडून ते पुन्हा पुन्हा बघून येत. "आता काय जळणार आहे?" मी विचारायचे. "ठाऊक नाही," ते म्हणायचे, "म्हणून तर बघतो."

आग लागली नाही. बायकाही पाण्यापायी गाव सोडून गेल्या नाहीत. पुढल्या वर्षी शेठने, त्याला काय वाटलं कोण जाणे, फाटकाबाहेर कामकऱ्यांसाठी वेगळी विहीर खोदवली. पाणी लागलं त्या दिवशी अक्काने नारळ फोडला आणि पहिला पोहरा यजमानांनी ओढावा असा हट्ट धरला. त्यांनी ओढला, ओंजळीनं पाणी प्यायले आणि तोंड पुसता पुसता वरची कप्पी हाताने फिरवून पाहिली.

"करकरते," ते म्हणाले. "तेल आणा कुणीतरी."

बायका इतक्या हसल्या की अक्काला खाली बसावं लागलं. मीच घरात जाऊन तेल आणलं.