काटे लावलेल्या पायऱ्या

तळे राखील तो पाणी चाखील, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं तळं कधी राखलं नसणार. आम्ही राखलं, आणि चाखलं ते जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून.

माझं माहेर मेढ्याच्या डोंगरात. तिथं पाणी आपणहून दाराशी येतं. ते राखायचं असतं हे जत तालुक्यात सासरी येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. इथं सगळ्या गावाला मिळून एक तळं, आणि त्या तळ्यात नारू. नारू म्हणजे काय हे आता नातवंडांना सांगावं लागतं. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून सुतासारखा लांबलचक किडा डोकं बाहेर काढायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस ऐन सुगीत आडवा. आग अशी व्हायची की पाय पाण्यात बुडवल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नसे, आणि तिथंच सगळी गोम होती.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली एक डॉक्टर चावडीपुढं सांगून गेले, की नारूचा पाय पाण्यात पडला की किडा तिथंच पिल्लं सोडतो. ती पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात आणि वर्षानं पायातून निघतात. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि त्यांना वाटेला लावलं. आमच्या गल्लीत पेन्शनीवर आलेले एक सुभेदार होते, त्यांनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांच्या हट्टापायी काठावर दगडी ओटा बांधला गेला, त्याला कप्पी बसली आणि जुन्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे पडले. पाणी ओट्यावरून शेंदायचं, तळ्यात कुणी पाय घालायचा नाही, आणि रोज एका घरानं राखण करायची, असं ठरलं.

काम म्हटलं तर एवढंच. पण ते संपत नव्हतं. आज समजावलेली बाई उद्या काटे सारून खुशाल घागर बुडवताना दिसायची. "शेंदून शेंदून हात मोडत्यात गं," म्हणायची. मेंढरंवाले लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला यायचे, त्यांच्याशी निम्मं मराठीत आणि निम्मं कानडीत भांडायचं. लग्नाचं वऱ्हाड आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुभेदार 'हुकूम म्हणजे हुकूम' म्हणून मोकळे व्हायचे. उन्हात बसून तोंडाची वाफ दवडायची आम्ही बायांनी. मी पार विटून गेले होते.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मात्र राखणीला पक्क्या. त्या बांधावर बसल्या की पावण्यारावळ्यांची पाण्याकडं बघायची टाप नव्हती.

माझी आधीची दोन बाळं राहिली नव्हती. तिसरा मुलगा झाला तेव्हा आत्याबाईंनी आसरांना नवस बोलला. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. त्यांची ओटी गुडघाभर पाण्यात उभं राहूनच भरायची, ही आमच्याकडची रीत. पोर वर्षाचं झालं आणि आमच्या राखणीच्या दिवशी, भर दुपारी, मी तळ्यावर बसले असताना आत्याबाई सुपात खण-नारळ घेऊन आल्या. त्या लंगडत होत्या. काटे सारायला त्यांनी लुगडं वर खोचलं तेव्हा घोट्याला बांधलेली चिंधी दिसली.

"आत्याबाई, पायाला काय झालंय?"

"काय न्हाई. काटा मोडलाय."

चिंधीतून काडीचं टोक बाहेर आलं होतं. काट्याला कुणी काडी बांधत नाही. सासूपुढं मान वर करायची आमच्यात पद्धत नव्हती, पण मी पायरीवर आडवी उभी राहिले.

"आवं, बांधापल्याड बसा. म्या पानी शेंदून तुमच्या पायावर घालते. तितंच भरा वटी."

"देवीनं आपल्याकडं यायचं व्हय गं? लेकरू माज्या नवसाचं हाय."

"त्याच लेकराला ह्ये पानी पाजायचंय, आत्याबाई."

त्यांनी ओटी न भरताच सूप उचललं.

"उद्या लेकराला काय झालं तर तुज्या माथी."

"माज्या माथी," मी म्हणाले.

म्हणायला सोपं होतं. गावातला नारू हळूहळू हटला, एक-दोन घरांतच राहिला. पण पोराला साधं पडसं झालं तरी माझी नजर तळ्याकडं जायची. तो तीन वर्षांचा असताना असा तापानं फणफणला की जतचं औषध चालेना आणि सांगलीला न्यावं म्हणावं तर घरधनी पलटणीत, दूर. माझा भरवसा डॉक्टरांवर होता की आसरांवर, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पोराला जावेच्या मांडीवर दिलं, सूप भरलं आणि तळ्यावर गेले. त्या दिवशी राखण आमच्याच घराची आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

आत्याबाई पायरीशी बसल्या होत्या. त्यांनी सुपाकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या स्वतःच काटे बाजूला सारतील. त्यांनी हातातली काठी आडवी धरली.

"मागं सर."

"आत्याबाई, नवस तुमचाच हाय."

"व्हय. माजाच."

"माज्या पायाला काय न्हाई. बगा हवं तर."

"ठावं हाय मला. पर तुला सोडली तर उद्या कुनाला आडवू?"

मी तिथंच मटकन बसले आणि गळा काढून रडले. त्या जवळ आल्या नाहीत. मला त्यांचा असा राग आला होता की सांगता सोय नाही. पोराचा ताप पुढं उतरला, आज त्याला मिशा आहेत. पण त्या दुपारी तो उतरेल हे आम्हा दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंचे डोळे वाहत होते, आणि तरी त्यांनी काठी खाली केली नाही.