पयले शब्द झाक

कोणतंही कॉमिक्स हातात आलं, की भाऊ आधी त्यातल्या बोलण्याच्या फुग्यांवर तळवा ठेवायचे. "पयले शब्द झाक," म्हणायचे. "चित्र एकटं बोलते का, ते पाह्य." चित्र मुकं निघालं की पुस्तक परत.

ते आणि मी पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच शिफ्टला, क्वार्टरही एकाच लायनीत. पन्नाशी ओलांडलेला माणूस कँटीनमध्ये डब्याशेजारी कॉमिक्स उघडून बसतो म्हणून लोक हसायचे. भाऊंना ढिम्म फरक पडत नसे. मोठ्या कंपन्यांची गुळगुळीत कॉमिक्स मात्र त्यांच्या डोक्यात जायची. "पाच-सहा जण मिळून काढतेत, अन् एकाचंही नसते." त्यांचा जीव होता कोणीतरी घरी काढून, झेरॉक्स मारून, पोस्टानं पाठवलेल्या पुस्तकांवर. शाई फुटलेली, पिना वाकड्या. वाकडी पीन दिसली की खूश. म्हणायचे, ही त्यानं स्वतः मारली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जगानं टाकलेलं तेवढंच प्रेमानं उचलणारा. अशा माणसाचं कौतुक करावं, पण त्याच्यापासून जपून राहावं, असं मी आता म्हणतो.

नरेश जवळच जामुलला सिमेंट कारखान्यात होता. आमच्याच गोंदियाकडचा, बायको-लेकरांचा माणूस. त्यानं स्वतः एक कॉमिक्स काढलं. कॅम्प-१ वस्तीतली ब्लाउज शिवणारी बाई, सदा मशीनवर वाकलेली, म्हणून तिला रस्त्यावरची माणसं फक्त कमरेखाली दिसतात. चपलांवरून ती माणसं ओळखते. एवढंच. भाऊंनी तळवा ठेवून पानन् पान पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. स्वतःच्या लेकीच्या पाठवणीलाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नरेशनं प्रती बाजारातल्या पेपरच्या स्टॉलवर ठेवल्या. पाहता पाहता संपल्या. दुसरा भागही संपला. आपल्याला वाचक आहेत म्हणून गडी हवेत तरंगायला लागला. एका संध्याकाळी, माझ्यासमोरच, त्यानं भाऊंना विचारलं, "खपून राहिलं नं भाऊ. सोडू का नोकरी?"

भाऊंनी दुसरा भाग पुन्हा उघडून फुग्यांवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "चित्र बोलून राहिलं तुह्यं. सोड."

त्यानं सोडली. तिसरा भाग जाडजूड काढला, भरपूर छापला. स्टॉलवर गठ्ठे पिवळे पडले. बिचारा दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारायचा, आधीची गिऱ्हाईकं गेली कुठं? दुकानदार दुसरीकडे बघायचा.

भाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडून रिसालीला स्वतःच्या घरी जायचं होतं, तेव्हा सामान उचलायला मी होतो आणि नरेशही आपणहून आला. आम्ही दिवाणाची फळी उचलली, तर आत पहिल्या दोन्ही भागांचे गठ्ठे. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. सगळ्या प्रती भाऊंनीच उचलल्या होत्या. पुढं रिटायरमेंट जवळ आली, घरातून ओरड सुरू झाली आणि तिसऱ्या भागाला त्यांचा हात आखडला.

नरेश फळी धरून तसाच उभा. भाऊ म्हणाले, "मले वाटलं, कोणी घेतलं नाही तर तू काढणं सोडशील."

"सोडलं असतं तर बरं झालं असतं, भाऊ," तो म्हणाला. "नोकरी तरी राहिली असती."

मग त्यानं ते गठ्ठेही टेम्पोत चढवले, नीट.

मला भाऊंचा संताप आला होता, अजून येतो. प्रेमापायी त्यांनी एका संसाराची माती केली. आणि तरी खरं सांगतो, माझं कोणतंही काम कोणी कधी असं डोळ्यांत पाणी आणून पाहिलं नाही. नरेश आता पॉवर हाउसच्या बाजारात फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांचे वाढदिवस छापतो.

भाऊ रिसालीतच वारले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, नरेशच्याच दुकानातला. कोपऱ्यात समई, खाली कमळ, मध्ये भाऊंचा आधार कार्डावरचा असावा तसा फोटो. मी दुरून तळवा धरून अक्षरं झाकली. फोटो काही बोलेना. नरेश तिथंच दोरी बांधत होता. मी रागावलोच त्याच्यावर. म्हटलं, अरे, आपल्या हातानं एक चित्र काढलं असतंस त्यांचं, तर काय बिघडलं असतं?

त्यानं गाठ पक्की केली.

"काढून दाखवू कोणाले?" म्हणाला. "पाहणारा तेवढा एकच होता."