चांगल्या चित्रासाठी ठेवलेला कागद

पन्नाशी ओलांडल्यावर मी जलरंग हाती घेतले, आणि तेव्हापासून रोजच्या सरावाशी माझे भांडण सुरू आहे. कचेरीला निघण्यापूर्वीचा अर्धा तास मी त्यासाठी राखला. पण कधी पेले आणि केळी रंगवण्याचा कंटाळा येई, कधी आदल्या दिवशीचे फसलेले चित्र पाहून हात धजत नसे. मोबाईलमधल्या छायाचित्रांवरून काढून पाहिले, रविवारी किल्ल्याच्या खंदकाशी बसून पाहिले. काहीच टिकले नाही.

शेवटी वडिलांनाच समोर बसण्याची विनंती केली. पक्षाघातानंतर ते सावेडीच्या आमच्या घरात बहुतेक वेळ व्हरांड्यातच असतात. दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने दाढी करून, पांढरी टोपी घालून ते माझ्या आधी खुर्चीत बसू लागले. कोणी वाट पाहत बसले आहे म्हटल्यावर टाळणे जमेना. सराव असा सुरू झाला.

नगरच्या उन्हाळ्यात कुंचला फिरवून होईपर्यंत रंगाची कड वाळते आणि गालावर नको तिथे रेघ उमटते. मी कागदाखाली ओला पंचा पसरू लागलो. रेघा कमी झाल्या. चेहरा मात्र परक्याचाच येत राहिला.

एके सकाळी चहा ठेवता ठेवता पत्नी म्हणाली, "अहो, लेकीने पाठवलेला तो भारी कागद कपाटात पडूनच आहे ना?" मी सांगितले की तो चांगल्या चित्रासाठी ठेवला आहे, हात बसेपर्यंत हा साधाच बरा.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे बोलणे आता सावकाश येते.

"म्हणजे माझं चित्र अजून सुरूच झालं नाही?"

कागद मी जपून ठेवला होता आणि वडील सरावाला काढले होते. त्यांच्यापाशी अशा किती सकाळी उरल्या असतील, हा विचार मला शिवलाही नव्हता.

मी उठून तो कागद आणला. काही पावसाळे कपाटात काढून रंग धरून ठेवणारी त्याची खळ गेली होती. टेकवलेला रंग टीपकागदावरच्या शाईसारखा पसरू लागला. टोपी मागच्या भिंतीत मिसळली, हनुवटी गळ्यात उतरली. तरी मी थांबलो नाही. बिघडायचे ते बिघडलेच होते, म्हणून कागदापेक्षा त्यांच्याकडेच अधिक पाहत राहिलो. तेव्हा ओठाचा उतरलेला कोपरा दिसला, आणि तो झाकला जावा म्हणून किंचित वळवून धरलेली मान. ती मान मी रोज, "बाबा, सरळ बघा," म्हणून सरळ करायला लावत आलो होतो.

चित्र त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते दूर धरले, मग जवळ आणले.

"कान माझा आहे," ते म्हणाले. "बाकीचं उद्या बघ."

"उद्या तुम्हाला बरं वाटेल तसं बसा, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात आलो, तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी तिरपी लावून घेतली होती.