विहिरीतले टोकदार दगड

पोरांनो, निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. बोरी गावाकडे, डोंगराच्या पायथ्याच्या शेतात माझे सासरे विहीर खणून घेत होते. पिण्याचं पाणी तेव्हा लांबून आणावं लागे. काळी माती संपली आणि टोकदार दगडांचा थर लागला.

सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, तुमी भूगोल शिकलात. खणावं का थांबावं?"

ही डोंगरावरून घसरलेली दरड आहे, खाली पाणी नसणार, असं मी सांगितलं. त्यांनी काम थांबवलं.

खणणारा म्हातारा हसला. "बाई, तुमच्या बुकात आमची हीर न्हाई. थराखाली थर ऱ्हातो."

बाकीचे भाकरी खात होते तेव्हा तो एकटाच खाली उतरला आणि दगडांचा थर आणखी खोल खणला. वर आला तेव्हा त्याच्या टोपलीत गोल, गुळगुळीत, ओले गोटे होते.

हजारो वर्षांपूर्वी, भरपूर पावसाच्या काळात नदीनं ते गोटे आणले; अशा गोट्यांच्या फटींत पाणी साठून राहतं. पुढच्या कोरड्या काळात झाडी जाऊन डोंगर उघडे पडले आणि दरड त्यांच्यावर येऊन बसली. हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा मात्र काम पुन्हा सुरू झालं आणि विहिरीला पाणी लागलं. दुसरी विहीर खणताना सासऱ्यांनी मला विचारलं नाही, आणि मला ते रास्त वाटलं.