फांग मावशीवरचा आळ

फांग मावशीने यूछिनच्या केसांची बट चोरून पाओचूला विकली, असं सूचौमधल्या आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत बदकंसुद्धा बोलतात. साफ खोटं. मावशी आमच्या गरम पाणी विकायच्या दुकानावरच्या माडीत राहते, तेव्हा मला सगळं ठाऊक. यूछिन आता गल्ली सोडून गेली, म्हणून लिहिते.

मावशी यूछिन-पाओचूसारख्या गल्लीतल्या गायिकांचे केस विंचरते. तेव्हा सहा घरं होती तिच्याकडे. लाकडाच्या ढलप्या भिजवलेलं चिकट पाणी लावून ती अंबाडा असा बसवायची की मेजवानीत चार गाणी झाली तरी जागचा हलायचा नाही. दुसरं काम गुपचूप. प्रेमात पडलेला शेठ बाईकडे केसांची बट मागतोच. बाई लाजते, नाही नाही म्हणते, चौथ्या भेटीत डोळे पुसत देते. ती बट मावशीच्या डब्यातली, विंचरताना गळलेल्या केसांची, लाल रेशमाने बांधलेली. एकाच डब्यातल्या बटा उराशी धरून नऊ शेठ उसासे टाकायचे. खरे केस देणारीला गल्ली वेडी म्हणते.

यूछिनने खरे दिले. हूचौचे रेशीमवाले कू शेठ नाकातून बोलायचे, "यूछिनबाई, वसंतात होडी आणतो, लग्नाच्या लाल पालखीतून नेतो. तोवर जगायला काहीतरी द्या हो." मी त्यांची नक्कल केली की मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. पण बट कापायची वेळ आली तेव्हा ती हसली नाही.

"डब्यातली दे गं. त्याला काय कळतंय?"

"मला कळेल ना, मावशी," यूछिन म्हणाली आणि मान पुढे केली.

दोन हिवाळे तिने दुसऱ्या कुणाचं बोलावणं घेतलं नाही. वसंतात शेठची होडी आली, ती पाओचूच्या घाटाला लागली.

दुसऱ्या दिवशी मावशी पाओचूचे केस विंचरत होती. पाओचूने लाल रेशमाने बांधलेली बट पुढे केली. "ही घाल गं अंबाड्यात. शेठ म्हणाले, तुझे केस विरळ आहेत, ह्याने भरून दिसतील." मावशीने नुसती बोटांत धरली आणि ओळखली. इतके जाड, चिकट पाण्यालाही न जुमानणारे केस गल्लीत एकाच डोक्यावर होते.

"हे मी नाही घालणार."

"नको घालूस. दुसरी घालेल."

दुसरीने घातली, लाल रेशीम मुद्दाम बाहेर ठेवून. पुढच्या मेजवानीला पाओचू आणि यूछिन समोरासमोर बसल्या. कुणीतरी हसत विचारलं, "यूछिनबाई, हे केस तुमचे तर नव्हेत?" वेडी ठरायचं, की आणखी काही बोलायचं? यूछिनने पंखा मिटला. "माझेच. आमच्या फांग मावशीचा हात चिकट आहे. झोपेत कापून विकले असतील."

सहापैकी चार घरांनी मावशीला दार बंद केलं.

"तू खरं सांग की सगळ्यांना," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर ते तिला हसतील."

"आणि तुला चोर म्हणतात ते?"

"तिचं तोंड आहे. तिने सांगावं."

पुढे यूछिनला एका म्हाताऱ्या चहाच्या व्यापाऱ्याने पैसे मोजून तिच्या घरातून सोडवून नेलं. ती निघायच्या आदल्या दिवशी मी पैज लावली: जाताना ती आपल्या दुकानापाशी थांबणार आणि चार लोकांत खरं बोलणार. मावशी म्हणाली, "नाही थांबणार. हरलीस तर तिळाच्या सारणाच्या उकडलेल्या गोड गोळ्या, दोन वाट्या."

सकाळी यूछिन आली. सबंध गल्ली दारात उभी होती. माझ्या चुलीपासून दोन हातांवरून ती गेली. मावशीने हातातली फणी खाली ठेवली, उठून उभी राहिली. यूछिन समोर बघत चालत राहिली आणि होडीत बसली.

होडी पुलाखालून गेली तशी मावशी बसली. "अंबाडा कुणी घातला गं तिचा? डावीकडे कलला होता."

मग म्हणाली, "जा, गोळ्या घेऊन ये. गरम असू देत."