डेलियाच्या तोंडून निघालेलं नाव

हल्ली म्हणे डब्लिनच्या बालवाड्यांत सेनन नावाची पोरं असतात. सिडनीत असतात, बॉस्टनमध्येही असतात. बॉस्टनचं तर आम्हाला ठाऊकच आहे. आमच्या मर्टी हेहिरचा थोरला सेनन तिकडे बस चालवायला गेला आणि त्याच्या गोड स्वभावामुळे शेजारच्या एका इटालियन बाईनंसुद्धा आपल्या पोराचं नाव सेनन ठेवलं. मर्टीच्या सेननची आत्या डेलिया आज असती तर तिला खरं वाटलं नसतं. तिच्या काळी हे नाव शॅनन नदी ओलांडून समोरच्या केरीतदेखील पोचलं नव्हतं.

आमच्या क्लेअरच्या काठावर मात्र 'सेनन' म्हणून हाक मारली की चार दारांतून चार जण बाहेर यायचे. म्हणून मग तांबडा सेनन, होडीवाला सेनन, मेरीचा सेनन. सगळे नदीतल्या बेटावरच्या संताचे नावकरी. त्यानं म्हणे दीड हजार वर्षांपूर्वी बेटावरचा अक्राळविक्राळ प्राणी हाकलून लावला आणि तिथं मठ बांधला. नावाचा अर्थ विचाराल तर छोटा म्हातारा. पाळण्यातल्या पोराला म्हातारा म्हणायचं, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

डेलिया शिवणकाम करायची. लग्न केलं नव्हतं, पण सतरा पोरांची धर्ममाता होती. तेव्हाची रीत अशी, की पोर जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचा बाप्तिस्मा. बाळंतिणीनं घरीच राहायचं. फादर आशीर्वाद देऊन तिला परत आत घेईपर्यंत तिनं चर्चचा उंबरा ओलांडायचा नाही. मग बाळाला धर्ममाता घेऊन जाणार आणि फादरला नावही तीच सांगणार. म्हणजे नऊ महिने पोटात वाढवायचं एकीनं आणि नाव सांगायचं दुसरीनं. बाई भरवशाचीच हवी, आणि डेलियाइतकी भरवशाची बाई आमच्याकडे दुसरी नव्हती.

तिच्या भावानं, मर्टीनं, नदीपलीकडची बायको केली. हॅना तिचं नाव. छत्तीस सालच्या मार्चमध्ये तिला पहिला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी डेलिया न्यायला आली, तेव्हा हॅनानं बाळाला तिच्या हातात देण्याआधी तिचं मनगटच धरलं.

"डेलिया, फादरना जेरेमाया सांगा. माझ्या वडिलांचं नाव."

"अगं, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात. सेनन."

"तुमचा धाकटा भाऊसुद्धा सेननच होता ना? खिशात बेटावरचा खडा ठेवून बुडाला."

तो खडा जवळ असला की माणूस बुडत नाही, असं आमच्याकडे अजूनही मानतात.

"आणि तुमचा तो संत," हॅना म्हणाली, "बाईमाणसाला बेटावर पाऊल ठेवू देत नव्हता. त्याचं नाव मी माझ्या पोराला देऊ होय?"

डेलियाला हसू आलं. "हे मात्र खरं बोललीस."

"वचन द्या."

डेलियानं वचन दिलं. मनापासून दिलं, हे मी तिची बाजू घेऊन सांगतोय असं समजू नका. खरंच दिलं होतं.

पण चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावरचं टोपरं काढलं, आणि त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बुडालेल्या भावाला तिनंच वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तो दोन महिन्यांचा. विसाव्या वर्षी तो नदीत गेला, नवव्या दिवशी सापडला. तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. फादरनी विचारलं, "नाव काय?"

"सेनन," डेलिया म्हणाली.

चुकलं म्हणायला वेळ होता. धर्मपिता म्हणून उभा असलेला, ते वचन ऐकलेला शेजारचा जॅक लिलिस चमकून तिच्याकडे बघतही होता. ती गप्प राहिली, आणि फादरनी पाणी ओतलं.

घरी हॅनानं सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला नाही. बाळाला ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा भाऊ परत आणायला तुम्ही माझं पोर वापरलंत. परत या दारात येऊ नका."

मर्टी बिचारा दोघींच्या मधे उभा राहून टोपी कुरवाळत राहिला. त्याला दोन्ही नावं चालणार होती.

पुढची चार वर्षं हॅनानं त्या पोराला नावानं हाक मारली नाही. 'ए राजा', 'सोन्या', कधी नुसतंच 'अरे'. गाव मात्र तिचं कौतुक करायचं. केरीची असून आमची रीत पाळली हो, असं बायका डेलियाच्याच तोंडावर म्हणायच्या, आणि डेलिया मान खाली घालून टाके घालत राहायची. खरं सांगायची तिची छाती झाली नाही. हॅनानंही कुणाला सांगितलं नाही, जॅकनंही नाही. पोरासाठी शिवलेले सदरे डेलिया मर्टीच्या हाती पाठवायची आणि ते तसेच घडी घातलेले परत यायचे. धर्ममाता व्हायला कुणी बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणायची. भावजयीनं एकदा आत या म्हणावं, एवढ्या एका गोष्टीसाठी ती बाई झुरत होती.

मग चाळीस साली हॅनाला दुसरा मुलगा झाला. तिसरा दिवस रविवारचा होता. चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटली, माणसं अजून आवारातच होती, आणि पाहतात तर हॅना बाळाला शालीत गुंडाळून स्वतः चालत आली. चेहरा पांढराफटक. थोरला पोरगा तिच्या शालीला धरून बरोबर.

फादर दारातच आडवे आले. "हॅना, तुला अजून आत येता येणार नाही."

"ठाऊक आहे, फादर. मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. पण नाव मी सांगणार."

"नाव धर्ममाता सांगते."

"मागच्या खेपेला तेच झालं."

मागे कुजबुज सुरू झाली. केरीच्या बायकांना कसली रीत नि कसलं काय, असं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. हॅना जागची हलली नाही.

डेलिया तेव्हा आत बाकावर होती. ती उठली आणि सगळ्यांच्या देखत फादरसमोर येऊन उभी राहिली.

"फादर, हिनं मला जेरेमाया सांगायला सांगितलं होतं. मी वचन देऊन आत आले आणि माझ्या भावाचं नाव सांगितलं. चार वर्षं तुम्ही सगळ्यांनी हिचं कौतुक केलंत ते मी ऐकून घेतलं. नाव सांगायचा हक्क हिचा होता, मी तो चोरला. आज हिला बोलू द्या."

गावात उद्यापासून आपल्याला कोण विचारणार, हे डेलियाला दिसत होतं, आणि तरी ती मागे सरली नाही.

फादर लालबुंद झाले. पण शहाणा माणूस होता. "मग तिथूनच मोठ्यानं सांग, हॅना."

"जेरेमाया," हॅना म्हणाली.

"ठीक. बाळाला आत कोण नेणार? धर्ममाता कोण?"

डेलिया बाजूला होऊन घराकडे निघाली होती. आपलं काम झालं, असं तिला वाटलं.

"डेलिया, कुठं चाललात?" हॅना मागून म्हणाली. "घ्या, जेरीला नीट धरा. मी बघते, आमचा सेनन कुठं गेला ते."

डेलियानं बाळाला घेतलं. आत जाताना फादरना तिचं कोपर धरावं लागलं, कारण तिला पायरी दिसत नव्हती.