आईच्या डोक्यातला बाजार

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. संगमनेरच्या एका दवाखान्यात, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. मशीन तपासणं, औषधं भरून ठेवणं, मॉनिटरच्या पडद्यावर नजर ठेवणं. गावात कोणी विचारलं की आई सांगते, "पोरगी मानसं झोपवती." मी दरवेळी दुरुस्त करते, "झोप वेगळी, भूल वेगळी." या फरकाचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

गेल्या साली आमच्याच दवाखान्यात आईचंच पित्ताशय काढायचं ठरलं. तिला ऑपरेशनची नव्हे, भुलीची धास्ती. "पोट फाडा न्हाईतर काय बी करा. पर मी परत जागीच झाले न्हाई तर?" महिनाभर हेच.

मी फोनवर दहादा बजावलं होतं, आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. सकाळी आठला ती गावाहून, कोल्हारहून आली. मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"पान्याचा घोट न्हाई."

सुई लावायला हात हातात घेतला, तर तळवा चिकट.

"हे काय, आई?"

"ते व्हय... निघताना तुझ्या चुलतीनं हातावर दही-साखर दिली. ते काय खानं हाय का? मानूस कामाला जाऊन सुखरूप घरी यावं म्हनून देत्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "साऱ्या तालुक्याला उपाशी राहायला सांगता मॅडम, आणि घरात?"

मी मान खाली घातली. चूक माझीच. दही-साखर आमच्याकडं खाण्यात धरत नाहीत, हे मला नाही ठाऊक तर कोणाला? नऊचं ऑपरेशन दुपारी तीनला ढकललं.

तीनला आईला टेबलावर घेतलं. काम दुसऱ्या सहकाऱ्याकडं, मला फक्त बघायची परवानगी. कपाळावर मेंदूच्या लहरी दाखवणारी पट्टी चिकटवली आणि पडद्यावर बारीक, दाट, वेड्यावाकड्या रेघा धावू लागल्या.

"एवढी कसली गं गडबड?" आईनं पडद्याकडं बघत विचारलं.

"तुझ्या डोक्यातली."

"आसंल. बाजारच भरलाय. म्हशीला पेंड कोन घालनार, तुझ्या चुलतीला जमतंय का..."

दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं. पेंडीचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. क्षणभर रेघा आणखी घाईला आल्या, मग विरळ झाल्या, मोठ्या झाल्या, संथ झाल्या. बाजारात प्रत्येकजण आपलं आपलं ओरडत असतो. आता सगळं रान एका वाऱ्यानं डुलावं तसं चाललं होतं, हुरड्यात आलेल्या ज्वारीसारखं. माणूस किती जागा आहे ते सांगणारा पडद्यावरचा आकडा नव्वदीच्या वरून पन्नासाच्या आसपास आला, म्हणजे भूल नीट लागली. औषध जास्त झालं की मध्येमध्ये रेघ सपाट पडते. मी तेवढंच बघत होते. पडली नाही. शेकडो माणसांच्या लहरी पाहिल्या, पण त्या दिवशी कळलं की आपण किती वेळ श्वास धरून उभं राहू शकतो.

टाके घातले, औषध बंद केलं. आधी काहीच बदललं नाही. मग मोठ्या लाटांच्या अंगावर बारीक रेघा आल्या, आणखी आल्या, दाटल्या. बाजार पुन्हा भरत होता. डॉक्टरांनी हाक मारली, "मावशी, डोळे उघडा!"

आईनं डोळे उघडले, मला शोधलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हशीला पेंड घातली का?"

डॉक्टर हसले. मी बाजूच्या कापडी पडद्यामागं जाऊन डोळे पुसले आणि परत आले.

संध्याकाळी चुलतीचा फोन. "बघ, माझ्या दह्यानं आनली माघारी! तुझ्या मशीनचं काय खरं न्हाई."

"व्हय काकू," मी म्हणाले. "पण पुढच्या वेळेला माणूस माघारी आल्यावर दही द्या."

"त्याला शकुन म्हनत न्हाईत, शिकलेले!"

आईला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. चुलती दही-साखरेची वाटी घेऊन दारातच उभी होती. या वेळी मी स्वतः चमचा घेतला आणि आईला भरवलं.